‘किती महिने?’ हा प्रश्न किडनीच्या कॅन्सरला आता पुरत नाही

किडनीचा कॅन्सर फुप्फुसात, हाडांत किंवा यकृतात पसरल्याचं स्कॅनमध्ये दिसलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बहुतेक वेळा तो रुग्णाला बाहेर बसवून, दार लोटून घेऊन विचारला जातो : “डॉक्टर, खरं सांगा, किती महिने?” प्रश्न रास्त आहे. नोकरी, शेती, मुलीचं लग्न, कर्जाचे हप्ते, सगळंच त्या उत्तरावर अवलंबून असतं. मग डॉक्टरही एखादा आकडा सांगून मोकळे होतात.

माझं म्हणणं असं आहे, की या आजारात आता एका आकड्यात उत्तर देणं अपुरं आहे, आणि त्या एका आकड्यावर घराने मोठे निर्णय घेणं धोक्याचं आहे. इम्युनोथेरपी आल्यापासून पसरलेल्या किडनी कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात, हे खरंच. पण नुसती सरासरी वाढलेली नाही. कोण किती जगतो याची विभागणीच बदलली आहे. काहींना अजूनही फार काळ मिळत नाही, आणि काही जण इतकी वर्षं जगतात की वीस वर्षांपूर्वी त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. हे दोन्ही एका आकड्यात मावत नाही.

वीस वर्षांपूर्वी हातात काय होतं?

किडनीच्या कॅन्सरमधला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ‘क्लिअर सेल’. चारपैकी तीन रुग्णांना साधारण हाच असतो, आणि या लेखातली बहुतेक माहिती त्याबद्दलच आहे. हा कॅन्सर नेहमीच्या केमोथेरपीला जवळजवळ दाद देत नाही. त्यामुळे तो पसरला की डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं.

१९९२ मध्ये अमेरिकेत इंटरल्युकिन-२ या औषधाला मान्यता मिळाली. मोठ्या डोसमध्ये दिलं तर शंभरातल्या साधारण पंधरा जणांच्या गाठी लहान व्हायच्या. पाच-सात जणांच्या पूर्ण नाहीशा व्हायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या परत यायच्याच नाहीत. पण रक्तदाब कोसळणं, फुप्फुसात पाणी होणं असे त्रास इतके तीव्र असत की निवडक धडधाकट रुग्णांनाच हे औषध झेपायचं. बाकीच्यांना इंटरफेरॉन मिळे, आणि त्यावर निम्मे रुग्ण साधारण वर्षभरात जात. तरीही इंटरल्युकिनने एक गोष्ट दाखवून दिली होती : शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती हा कॅन्सर संपवू शकते, फक्त ती क्वचितच तसं करते.

पुढचं पाऊल वेगळ्या दिशेने पडलं. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुधा ‘व्हीएचएल’ नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे पेशींना सतत वाटतं की आपल्याला प्राणवायू कमी पडतोय, आणि त्या नव्या रक्तवाहिन्या वाढवण्याचे संदेश सोडत राहतात. हे संदेश अडवणाऱ्या गोळ्या आल्या. अमेरिकेत डिसेंबर २००५ मध्ये सोराफेनिबला आणि जानेवारी २००६ मध्ये सुनिटिनिबला मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत सुनिटिनिब घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण २६ महिन्यांनंतरही हयात होते. इंटरफेरॉन घेणाऱ्यांत हा काळ साधारण २२ महिन्यांचा होता. ही प्रगती मोठी होती, पण गोळ्यांचा परिणाम बहुतेकांत कधी ना कधी ओसरायचा. गाठी दबायच्या आणि पुन्हा डोकं वर काढायच्या.

ब्रेक काढण्याची कल्पना

आपल्या रक्तातल्या टी पेशी कॅन्सरच्या पेशी ओळखून मारू शकतात. पण या टी पेशींनी आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक बसवलेले आहेत. कॅन्सर नेमका हाच ब्रेक दाबून ठेवतो. तो सोडवणारी औषधं म्हणजे आजची इम्युनोथेरपी. या ब्रेकच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

किडनीच्या कॅन्सरमध्ये यातलं पहिलं औषध निवोलुमॅब. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही आधीच्या गोळ्या निकामी ठरलेल्या रुग्णांसाठी. खरा बदल २०१८ नंतर झाला. तेव्हापासून ही औषधं सुरुवातीलाच आणि जोडीने दिली जाऊ लागली. एक मार्ग दोन इम्युनोथेरपी औषधांचा, निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब. दुसरा मार्ग एक इम्युनोथेरपी आणि एक गोळी असा : पेम्ब्रोलिझुमॅबसोबत ॲक्सिटिनिब किंवा लेन्व्हाटिनिब, नाहीतर निवोलुमॅबसोबत कॅबोझँटिनिब. या चारही जोड्यांची तुलना एकट्या सुनिटिनिबशी झाली.

दहावीच्या पुस्तकातला ‘मध्यक’

आता मुख्य मुद्दा. डॉक्टर ज्याला सैलपणे ‘सरासरी’ म्हणतात ती खरं तर सरासरी नसते. दहावीला सांख्यिकीच्या प्रकरणात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलो होतो ना, त्यातला हा मध्यक. शंभर रुग्णांपैकी पन्नास ज्या दिवसापर्यंत गेले, तो दिवस. उरलेले पन्नास पुढे किती जगले, याबद्दल मध्यक एक अक्षरही बोलत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका गटातले सगळे रुग्ण २० ते ३० महिन्यांच्या दरम्यान गेले. दुसऱ्या गटातले निम्मे दोन वर्षांतच गेले, पण तीस जण आठ वर्षांनंतरही कामावर जात आहेत. दोन्ही गटांचा मध्यक २४ महिने असू शकतो. तुम्हाला कोणता गट हवा? आकडा एकच असला तरी या दोन गटांतले आजार सारखे नाहीत.

इम्युनोथेरपीने पसरलेल्या किडनी कॅन्सरला काही प्रमाणात दुसऱ्या गटासारखं केलं आहे. ‘चेकमेट २१४’ या चाचणीत १०९६ रुग्ण होते. पाच वर्षांनी निवोलुमॅब-इपिलिमुमॅब घेतलेल्यांपैकी ४८ टक्के हयात होते, सुनिटिनिब घेतलेल्यांपैकी ३७ टक्के. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. ज्यांच्या गाठी औषधाने आकसल्या, त्यांच्यात तो परिणाम किती टिकला? आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्याचा मध्यक जोडीच्या गटात ७६ महिने होता, सुनिटिनिबच्या गटात २५. शंभरातल्या दहा-बारा जणांच्या गाठी स्कॅनवर पूर्ण दिसेनाशा झाल्या. म्हणजे औषध प्रत्येकाला लागू पडतं असं नाही, पण ज्याला लागू पडतं त्याच्यात ते टिकतं.

मध्यक किती फसवू शकतो याचा नमुना ‘क्लिअर’ या चाचणीत आहे. तिथे लेन्व्हाटिनिब-पेम्ब्रोलिझुमॅब गटाचा मध्यक ५३.७ महिने आला आणि सुनिटिनिब गटाचा ५४.३. नुसते हे दोन आकडे पाहिले तर नवं औषध वाया गेलं असं वाटेल. पण दोन वर्षांच्या टप्प्यावर पहिल्या गटातले सुमारे ७९ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्यातले ७०. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ एका गटात २४ महिन्यांच्या आसपास, दुसऱ्यात ९. सुरुवातीच्या वर्षांतला फायदा मोठा होता, पुढे दोन्ही रेषा जवळ आल्या, आणि मध्यक नेमका त्या जवळ येण्याच्या जागी मोजला गेला.

सगळं श्रेय इम्युनोथेरपीचं नाही

उत्साहाच्या भरात एक गोष्ट निसटते. सुनिटिनिबचा मध्यक २००७ च्या चाचणीत २६ महिने होता. अलीकडच्या चाचण्यांत त्याच सुनिटिनिबच्या गटाचा मध्यक ३५ पासून ५४ महिन्यांपर्यंत येतो. गोळी तीच आहे, मग रुग्ण जास्त का जगले?

पहिलं कारण, सुनिटिनिब थांबल्यावर त्यातल्या अनेकांना पुढे इम्युनोथेरपी किंवा नव्या गोळ्या मिळाल्या. दुसरं, चांगल्या स्कॅनमुळे आजार लवकर, कमी पसरलेला असताना सापडू लागला. तिसरं, एखाद-दुसरी गाठ शस्त्रक्रियेने किंवा नेमक्या रेडिएशनने काढून टाकण्याचं तंत्र सुधारलं. शिवाय दुष्परिणाम हाताळायला आम्ही डॉक्टरही शिकलो. त्यामुळे ‘इम्युनोथेरपीने आयुष्य दुप्पट केलं’ असा मथळा वाचला तर दोन पावलं मागे सरकून पाहा, कशाची तुलना कशाशी केली आहे ते.

दोन वेगवेगळ्या चाचण्यांतले आकडे शेजारी मांडून ‘हे औषध सरस’ असा निकाल देणंही बरोबर नाही. रुग्णांची निवड वेगळी असते. ‘कीनोट ४२६’ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब-ॲक्सिटिनिब गटातले ९० टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते, सुनिटिनिबचे ७८. पाच वर्षांनी हे आकडे ४२ आणि ३७ झाले. यावरून एवढंच म्हणता येतं की गोळीसोबतची जोडी सुरुवातीला वेगाने आवर घालते. ज्याच्या गाठी झपाट्याने वाढत आहेत, ज्याला धाप लागते आहे, त्याला हा वेग लागतोच. ज्याला थोडी उसंत आहे, त्याच्यासाठी दोन इम्युनोथेरपींचा विचार होऊ शकतो. हा निर्णय रुग्ण पाहून घ्यायचा असतो.

चाचणीतला रुग्ण आणि आपला रुग्ण

अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीत, निदानाच्या वेळीच दूरवर पसरलेल्या किडनी कॅन्सरचे पाच वर्षं जगणारे रुग्ण सुमारे १८ टक्के आहेत. शतकाच्या सुरुवातीला ते दहाच्या आसपास होते. प्रमाण बरंच वाढलं, पण चाचण्यांमधल्या चाळीस-अठ्ठेचाळीस टक्क्यांपेक्षा ते किती खाली आहे बघा.

याचं एक कारण म्हणजे हा आकडा २०१४ ते २०२० मध्ये निदान झालेल्यांचा आहे, म्हणजे त्यातल्या अनेकांच्या वेळी नव्या जोड्या आलेल्याच नव्हत्या. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चाचणीत घेतलेला रुग्ण चालता-फिरता असतो, त्याचं हृदय-यकृत ठीक असतं, त्याला औषध फुकट मिळतं. नोंदणीत ऐंशी वर्षांच्या आजी असतात, अंथरुणाला खिळलेले असतात, दुर्मीळ प्रकारचा कॅन्सर असलेले असतात आणि उपचारच न मिळालेलेही असतात.

तुमचा रुग्ण या दोन टोकांमध्ये कुठे बसतो, याचा बराचसा अंदाज सहा गोष्टींवरून बांधता येतो. हिमोग्लोबिन कमी आहे का, कॅल्शियम वाढलं आहे का, न्यूट्रोफिल वाढलेत का, प्लेटलेट वाढल्यात का, रुग्णाची रोजची हालचाल मंदावली आहे का, आणि पहिल्या निदानापासून वर्षाच्या आत हे उपचार सुरू करावे लागले का. सहापैकी चार गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. एकही लागू नसेल तर धोका कमी, एक-दोन असतील तर मध्यम, तीन किंवा जास्त असतील तर जास्त. गोळ्यांच्या काळात या तीन गटांचे मध्यक अनुक्रमे ४३, साडेबावीस आणि ८ महिने होते. एकाच आजाराचं नाव, एकच स्टेज, आणि केवढी तफावत! हा गट न सांगता जो डॉक्टर ‘दोन वर्षं’ म्हणतो, तो तीन वेगळ्या माणसांना एकच चिठ्ठी देतो.

आकडे कुणाचे, औषध कुणाला?

आणि आता आपल्याकडचं. वर दिलेले सगळे आकडे औषध मिळालेल्यांचे आहेत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मान्यताप्राप्त डोसमध्ये इम्युनोथेरपी जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांनाच परवडते. दर दोन-तीन आठवड्यांनी लाखाच्या घरात जाणारा खर्च महिनोन्‌महिने झेपणारी घरं किती? जगण्याचा आलेख वर चढला तो परवडणाऱ्यांचा. बाकीच्यांचा अजून गोळ्यांच्या काळातच आहे, आणि काहींचा त्याही मागे.

हे असंच राहिलं पाहिजे असं नाही. सोराफेनिब भारतात आलं तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताने नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, आणि किंमत महिन्याला ८,८८० रुपयांवर आली. मूळ कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१४ मध्ये तिथेही परवाना कायम राहिला. हे औषध याच कॅन्सरचं होतं. आज इम्युनोथेरपीबाबत तीच निकड आहे. निवोलुमॅबच्या भारतीय पेटंटची मुदत मे २०२६ पर्यंतची. पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांच्या पर्यायांपुढे पेटंटचा अडसर राहत नाही. ते सरकारी योजनांत आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या खरेदीत लवकर आले, तरच आपला आलेख हलेल.

दुसरी वाट डोसची. वर उल्लेखलेल्या टाटा मेमोरियलच्याच अभ्यासात, डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांत निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस इतर गोळ्यांसोबत वापरला गेला. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तोच डोस किडनीच्या कॅन्सरला पुरतो, असं यावरून सिद्ध होत नाही. पण किडनीसाठीही असा अभ्यास आपल्या देशातच व्हायला हवा, कारण स्वस्त डोस शोधण्यात औषध कंपनीला रस असण्याचं कारण नाही.

मग काय विचारायचं?

‘किती महिने?’ ऐवजी, किंवा त्यानंतर, हे प्रश्न विचारा.

१. कॅन्सर क्लिअर सेल आहे का? बायोप्सी झाली आहे का?

२. सहा मुद्द्यांनुसार रुग्ण कोणत्या गटात बसतो?

३. अशा शंभर रुग्णांपैकी वर्षभराने किती आणि पाच वर्षांनी किती हयात असतात? इम्युनोथेरपी घेतली तर किती, फक्त गोळ्या घेतल्या तर किती?

४. औषध लागू पडतंय की नाही हे कोणत्या स्कॅनवर, किती आठवड्यांनी कळेल? तोवरचा खर्च किती? आधी त्या टप्प्यापुरती तरतूद करा. जमीन विकायची की नाही हा प्रश्न उपचारांच्या पहिल्या दिवशी सोडवायची गरज नसते.

५. लागू पडलं तर किती काळ घ्यायचं? पेम्ब्रोलिझुमॅब चाचण्यांत साधारण दोन वर्षांपर्यंत दिलं गेलं. शेवट माहीत असेल तर हिशेब मांडता येतो.

६. आधी किडनी काढायची का? पूर्वी बहुतेकांची काढत. २०१८ मध्ये आलेल्या ‘कार्मेना’ या फ्रान्समधून झालेल्या चाचणीत मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांना आधी शस्त्रक्रिया केल्याने फायदा दिसला नाही. काहींना ती अजूनही उपयोगी ठरते, पण ‘आधी ऑपरेशन, मग बघू’ हे आता आपोआप ठरत नाही.

७. परवडत नसेल तर काय? स्वस्त देशी गोळ्या, कंपन्यांच्या मदत योजना, चालू असलेल्या चाचण्या, यांबद्दल स्पष्ट विचारा. इम्युनोथेरपी नाही म्हणजे उपचारच नाहीत, असं मुळीच नाही.

दुष्परिणामांबद्दलही विचारा. ‘चेकमेट २१४’ मध्ये तीव्र दुष्परिणाम जोडीच्या गटात ४६ टक्के होते, सुनिटिनिबमध्ये ६३. तरीही त्रासामुळे औषध बंद करावं लागलेले जोडीच्या गटात जास्त होते, २२ टक्के विरुद्ध १२. ब्रेक सुटलेल्या टी पेशी आतडं, फुप्फुस, यकृत, थायरॉइड कशावरही उलटू शकतात. म्हणून ही औषधं चालू असताना जुलाब, धाप, कावीळ किंवा कमालीचा थकवा आला तर घरगुती उपायांत दोन दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतो.

शेवटची गोष्ट बंद दाराबद्दल. हे प्रश्न रुग्णासमोर विचारा. ‘त्यांना सांगू नका, खचतील’ ही काळजी मी समजू शकतो, आणि जुन्या काळात तिला काही अर्थही असेल, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आज आहे. ज्याला आपल्या आजाराची शक्यता पूर्ण माहीत आहे, तोच ठरवू शकतो की सुरुवातीचे कठीण महिने सोसायचे का, पैसे कशावर खर्च करायचे, आणि कधी थांबायचं. शंभरातल्या अठ्ठेचाळीसांत आपण असू की बावन्नांत, हे कुठलाही डॉक्टर पहिल्या दिवशी सांगू शकत नाही. पण हे दोन्ही गट आहेत, एवढं तरी रुग्णाला कळायला हवं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांचा निर्णय आपल्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.)